स्मरणरंजन आणि शहराचे दैनंदिन जीवन : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

गेल्या दोन-तीन दशकांत मराठी समाजात स्वतःच्या गावाविषयी, तेथील नुकत्याच सरलेल्या काळाविषयी बोलण्याची आणि लिहिण्याची प्रवृत्ती वाढलेली दिसते. दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे अशा सर्व ठिकाणी 'आमच्या वेळचे गाव' हा विषय आवर्जून येतो. त्यातील आशय मात्र राजेरजवाड्यांचा किंवा मोठ्या लढ्यांचा नसतो. राॅकेलची रांग, दूरदर्शनसमोर जमलेला शेजार, तासाच्या भाड्याने घेतलेली सायकल, आंतर्देशीय पत्र, यात्रेतील पाळणा असे अगदी साधे तपशील त्यात असतात. सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याला असे महत्त्व मिळणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या आठवणींना आपण साहित्य म्हणावे, इतिहासाचे साधन म्हणावे की केवळ मनाचा विरंगुळा, हा प्रश्न भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात प्रथम 'स्मरणरंजन' या संकल्पनेचा परिचय करून दिला आहे. त्यानंतर सोलापूर शहराच्या १९८० ते २००५ या सुमारे पंचवीस वर्षांतील दैनंदिन जीवनाच्या आधारे ही संकल्पना कशी लागू पडते, ती काय जपते आणि काय गाळते, याचा विचार केला आहे. शेवटी महाविद्यालयीन पातळीवर या आठवणींचा अभ्यास कसा करता येईल, यासंबंधी काही सूचना केल्या आहेत.

संज्ञा आणि तिचा इतिहास :

इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत 'स्मरणरंजन', 'गतकातरता' आणि 'स्मृतिकातरता' असे पर्याय वापरले जातात. हे पर्याय समानार्थी मानले जात असले, तरी त्यांच्यातील छटा वेगळ्या आहेत. 'रंजन' या पदात सुख आहे, तर 'कातरता' या पदात हुरहुर आहे. मूळ संकल्पनेत हे दोन्ही भाव एकत्र नांदतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांमध्ये निवड करण्यापेक्षा त्यांचा परस्परपूरक वापर करणे अधिक उचित ठरते.

हा शब्द मुळात साहित्यातून आलेला नाही, तो वैद्यकातून आलेला आहे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. घरापासून दूर गेलेल्या माणसांना जडणारा एक आजार असे त्याचे स्वरूप होते. होफरने नोंदविलेल्या रुग्णांत बर्नहून बाझल येथे शिकण्यासाठी आलेला एक विद्यार्थी होता, आणि घराकडे निघाल्याबरोबर त्याला उतार पडू लागला, असे तो सांगतो. पुढे हा आजार परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी जोडला गेला. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या शब्दाचा अर्थ हळूहळू पालटला. पूर्वी तो दूर राहिलेल्या स्थळाची ओढ दर्शवीत असे, आता तो सरलेल्या काळाची ओढ दर्शवू लागला. हा बदल महत्त्वाचा आहे. स्थळाकडे परत जाता येते, काळाकडे येत नाही. म्हणूनच होफरच्या विद्यार्थ्यावर जो उपाय लागू पडला, तो आजच्या स्मरणरंजनावर लागू पडत नाही. माणूस गावी परततो, पण ज्या गावासाठी तो परतला ते गाव तेथे नसते.

समाजशास्त्रज्ञ फ्रेड डेव्हिस यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्मरणरंजनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर माणूस 'पूर्वी सर्व काही चांगले होते' असे सरळ मानतो. दुसऱ्या पायरीवर 'ते खरोखरच तसे होते काय?' असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. तिसऱ्या पायरीवर 'मला आजच ही ओढ का वाटते आहे?' असा विचार सुरू होतो. स्वेतलाना बोइम यांनी २००१ साली स्मरणरंजनाचे दोन प्रकार मांडले. एक पुनःस्थापक, म्हणजे गेलेले जसेच्या तसे परत उभारू पाहणारे. दुसरे चिंतनशील, म्हणजे गेले ते गेले हे मान्य करून त्या अंतराचाच विचार करणारे. त्याआधी, १९२५ साली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी व्यक्तीची स्मृती ही कुटुंब, धर्मसमुदाय, वर्ग अशा समूहांच्या चौकटीतच आकार घेते, असे प्रतिपादन केले होते. हे तीन विचार एकत्र ठेवले असता असे म्हणता येईल की, गावाची आठवण ही वरवर खासगी वाटली, तरी ती कोणत्या समूहात राहून साठविली गेली आणि आज कोणत्या स्थितीतून सांगितली जात आहे, यावर तिचे रूप अवलंबून असते.

दैनंदिन जीवनाचीच ओढ का ?

मोठ्या घटना स्मरणात राहतात त्या त्यांच्या वेगळेपणामुळे. रोजच्या गोष्टी मात्र पुनरावृत्तीमुळे मनात रुजतात. रोज ठरावीक वेळी कानावर येणारा आवाज, रोजची वाट, रोजचा वास यांची आपण जाणीवपूर्वक नोंद घेत नाही. त्या अंगवळणी पडतात. त्या नाहीशा झाल्यानंतरच त्या होत्या हे जाणवते. त्यामुळे दैनंदिन जीवनाची ओढ ही बहुधा उशिरा जागी होते, आणि जागी होते तेव्हा तीव्र असते.

मानसशास्त्रातील संशोधनानेही या प्रवृत्तीवर प्रकाश टाकला आहे. प्रौढ माणसांना साधारणपणे वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी इतर काळापेक्षा अधिक प्रमाणात स्मरतात, असे वारंवार आढळले आहे. प्रत्येक पिढीला आपल्याच लहानपणीचे आणि तरुणपणीचे गाव खरे गाव वाटते, याचे एक कारण येथे सापडते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशूट व त्यांचे सहकारी यांनी २००६ पासून केलेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, एकटेपणा किंवा खिन्नता आली असता स्मरणरंजन जागे होते आणि त्यातून माणसांशी असलेल्या नात्याची जाणीव पुन्हा बळकट होते. ज्याला सतराव्या शतकात आजार मानले गेले, त्याला आज काही अंशी मनाची स्वसंरक्षणाची रीत मानले जाते.

भारताच्या संदर्भात याला आणखी एक कारण आहे. १९८० ते २००५ या काळात मध्यम आकाराच्या शहरांतील भौतिक जीवन फार वेगाने बदलले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले होते. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात 'रामायण' मालिकेने रविवारची सकाळ व्यापली. १९९१ साली आर्थिक उदारीकरण आले, त्या पाठोपाठ उपग्रह वाहिन्या आल्या. १९९५ साली देशात मोबाइल सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाल्यावर तो सामान्यांच्या हातात पोहोचू लागला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. एकाच पिढीने आंतर्देशीय पत्राची आठ दिवस वाट पाहिली आणि त्याच पिढीने क्षणात पोहोचणारा संदेशही पाहिला. स्वतःच्या जीवनात असा खंड पडला की माणूस आपली ओळख अखंड राखण्यासाठी स्मृतीचा आधार घेतो, हे डेव्हिस यांचे निरीक्षण येथे नेमके लागू पडते.

सोलापूर : भोंगा, माग आणि पेठ

सोलापूर शहर या विवेचनासाठी निवडण्याचे कारण असे की, तेथील दैनंदिन जीवनाला एक स्पष्ट लय होती आणि ती लय याच काळात मोडली. १८६० साली रेल्वे आल्यानंतर कापसाच्या व्यापाराचे केंद्र म्हणून हे शहर वाढले. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. 'जुनी मिल' या नावाने ती लोकांच्या तोंडी राहिली. या गिरणीचा ताबा घेणाऱ्या कायद्यावरून झालेला १९५० सालचा सर्वोच्च न्यायालयातील खटला घटनात्मक कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्यांनी शहराला कामगारांचे शहर हे रूप दिले.

गिरणीचा भोंगा हा केवळ कामगारांसाठी वाजत नसे. त्यावर चूल पेटे, डबा भरला जाई, मुलांना उठविले जाई. घरोघरी घड्याळ नव्हते तेव्हा भोंगा हेच सार्वजनिक घड्याळ होते. पाळी सुटली की चहाच्या टपऱ्या, पानपट्ट्या आणि भाजीबाजार यांना भरती येई. पगाराच्या दिवशी बाजारपेठेचे रूप वेगळे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अखेरच्या दशकांत, या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा थांबला तेव्हा शहरातून एक आवाज तर गेलाच, पण अनोळखी माणसांना एकाच वेळी उठविणारी, एकाच वेळी जेवू घालणारी एक सामायिक व्यवस्थाही गेली. म्हणूनच जुने सोलापूरकर भोंग्याची आठवण काढतात तेव्हा त्यांना आवाजापेक्षा त्या सामायिकतेची उणीव जाणवत असावी, असे म्हणण्यास वाव आहे.

गिरण्यांच्या जोडीला हातमाग आणि नंतर यंत्रमाग होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने शहराच्या पूर्व भागात विणकामाचा व्यवसाय उभा केला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना पुढे भौगोलिक निर्देशांक मिळाला. साखर पेठ, अशोक चौक, भवानी पेठ या भागांतून जाताना घराघरांतून ऐकू येणारी मागाची खटखट ही त्या भागाची ओळख होती. शहराच्या पश्चिमेकडे मराठी, बाळीवेस-शुक्रवार पेठेच्या बाजूस कन्नड, पूर्वेस तेलुगू आणि ठिकठिकाणी दखनी उर्दू अशी भाषांची ढोबळ वाटणी असली, तरी बाजारात त्या सरमिसळ होत. 'काय करूलालास बे?' अशा खास सोलापुरी बोलीत शेजारच्या भाषांचा सहवास ऐकू येतो. पुण्यात शिकावयास गेलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला या बोलीवरून एके काळी हसू सोसावे लागे. आज तीच बोली पुण्यातील सोलापूरकर अभिमानाने आणि काहीशी ठासून बोलतात. बोलीचा न्यूनगंड जाऊन तिचे स्मरणरंजन व्हावे, ही प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. बोली जेव्हा रोजच्या वापरातून सुटू लागते, तेव्हाच ती ओळखीचे चिन्ह बनते.

स्थलांतराचा मुद्दा येथे जोडून पाहिला पाहिजे. २००१ साली सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस सुरू झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचे स्मरण तिच्या नावात आहे. या गाडीने पुणे जवळ आणले आणि नोकरीसाठी शहर सोडणाऱ्यांची वाट सोपी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस आली. अंतर कमी झाले, पण शहर सोडून गेलेल्यांची संख्या मात्र वाढत गेली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुण्यातल्या दुकानांत मिळू लागल्या. जी वस्तू घरी असताना नित्याची होती, ती परगावी गावाचे प्रतीक ठरली. स्मरणरंजनाची बाजारपेठ याच मार्गाने तयार होते.

स्मृती आणि चालू परंपरा :

सोलापूरच्या आठवणींत गड्ड्याच्या यात्रेचे स्थान फार मोठे आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी ती निगडित आहे. मानाच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक आणि तलावाकाठी संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा ही तिची प्रमुख अंगे होत. होम मैदानावर भरणाऱ्या बाजारातील पाळणे, खेळणी, मौतका कुआ यांच्या आठवणी प्रत्येक सोलापूरकराजवळ असतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भोंगा थांबला आहे, यात्रा थांबलेली नाही. २०२१ साली साथीच्या निर्बंधांमुळे ती मर्यादित स्वरूपात झाली, पण नंतर पुन्हा पूर्ववत भरली. तरीही 'पूर्वीचा गड्डा राहिला नाही' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. याचा अर्थ असा की, स्मरणरंजनासाठी वस्तू नष्ट होण्याची आवश्यकता नसते. तिच्याशी असलेले आपले नाते बदलले तरी पुरे होते. ज्या मुलाला पाळण्यात बसण्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागे, त्याची ती वाट पाहण्याची क्षमता प्रौढपणी उरत नाही. तो जे गमावल्याचे सांगतो ते यात्रेतून गेलेले नसून त्याच्या वयातून गेलेले असते. गावाविषयीच्या लेखनात या दोन प्रकारच्या हानींची गल्लत वारंवार होते. गिरणी बंद पडणे ही सामाजिक हानी आहे, बालपण सरणे ही जैविक वस्तुस्थिती आहे. पहिलीची कारणे शोधता येतात, तिची जबाबदारीही निश्चित करता येते. दोन्ही एकाच सुरात सांगितल्या की पहिलीही अटळ वाटू लागते. गिरण्या जणू बालपणासारख्या आपोआप सरल्या, असा भास निर्माण होतो. यंत्रसामग्रीचे आधुनिकीकरण न होणे, व्यवस्थापनाचे निर्णय, यंत्रमागाशी स्पर्धा, बदललेले वस्त्रधोरण ही कारणे त्यात हरवतात. स्मरणरंजनाविषयी सावध राहण्याचे हे पहिले कारण होय.

स्मरणरंजन काय गाळते ?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आठवणींत राहते ते घर आणि त्या घरातील श्रम यांचा संबंध अनेकदा तुटलेला असतो. पुढील चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण पाण्याचे. सोलापूर हे कमी पावसाचे शहर. एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुख म्हणजेच हिप्परगा तलाव आणि १९८० साली पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण असे स्रोत असूनही शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळण्याचा अनुभव गेल्या दोन दशकांतही आला. नळावरची गर्दी, घागरींची रांग, तेथे रंगणारे संवाद हे आठवणींत गमतीने येते. परंतु ती रांग लावणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आणि मुली होत्या. पाणी मध्यरात्री आले तर झोप कोणाची मोडली आणि शाळा कोणाची बुडाली, याचा उल्लेख त्या गमतीत क्वचितच असतो.

दुसरे उदाहरण स्टोव्हचे. पंपाच्या स्टोव्हचा घरघराट, पिन मारण्याची लगबग, राॅकेलचा वास हे १९८०च्या दशकातील घराचे लाडके तपशील आहेत. याच दशकात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही वृत्तपत्रांतील नित्याची बातमी होती. स्त्री-संघटनांच्या लढ्यानंतर तत्कालीन भारतीय दंड संहितेत १९८३ साली कलम ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीसंबंधीचे कलम ३०४-ब समाविष्ट झाले. एकच वस्तू एका घरात मायेच्या स्वयंपाकाची खूण होती आणि दुसऱ्या घरात मृत्यूचे साधन. ज्या आठवणीत यांपैकी एकच बाजू असते ती खोटी नसते, पण अपुरी असते.

तिसरे उदाहरण विडी कामगार स्त्रियांचे. सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी उंबऱ्यावर, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया हे रोजचे दृश्य होते. दूरवरून पाहणाऱ्याला त्यात निवांतपणा दिसतो. वस्तुतः हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी ठरे, नापास ठरलेल्या विड्यांचे पैसे कापले जात आणि तंबाखूची भुकटी श्वासावाटे शरीरात जाई. १९६६चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६चा कल्याण निधी कायदा हे या श्रमाला मिळालेल्या मान्यतेचे टप्पे होत. २००६ साली कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच परिसरातील रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. या घरांत राहणाऱ्या स्त्रियांना जुन्या भाड्याच्या खोलीची ओढ वाटेल काय? वाटली तर ती कशाची असेल : खोलीची, की तेथल्या सोबतीची? हा प्रश्न त्यांना विचारला गेला पाहिजे. त्यांच्या वतीने कोणी परस्पर उत्तर देणे योग्य नव्हे.

चौथे उदाहरण 'सेटलमेंट' या नावाचे. ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना कुंपणाच्या आत बंदिस्त ठेवणारी मोठी वसाहत सोलापुरात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. तरी परिसराचे नाव आणि नावाबरोबरचा संशय पुढे कित्येक वर्षे टिकला. पेठेतील माणसाच्या आठवणींतील सोलापूर आणि या वसाहतीत वाढलेल्या माणसाच्या आठवणींतील सोलापूर यांत भौगोलिक अंतर अल्प आहे, अनुभवाचे अंतर मात्र प्रचंड आहे.

मराठी साहित्याने या प्रश्नाला फार पूर्वीच तोंड फोडले आहे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी गावाच्या गोड चित्राला छेद दिला. स्मृती असूनही ज्यात रंजन नाही, असे हे लेखन आहे. विशेष म्हणजे या लेखनातही माणसांविषयीचा, बोलीविषयीचा, सणावारांविषयीचा जिव्हाळा पूर्णपणे अनुपस्थित नाही. वेदना आणि ओढ एकाच वेळी असू शकतात, हे त्यांतून दिसते. म्हणून 'वंचितांना स्मरणरंजनाचा अधिकार नाही' किंवा 'त्यांना ते नसतेच' असे विधान करणे चूक ठरेल. त्यांचे स्मरणरंजन वेगळ्या अटींवर चालते, इतकेच म्हणता येईल.

अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना :

वरील विवेचनावरून स्मरणरंजन त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. दैनंदिन जीवनाची नोंद दप्तरांत होत नाही. गॅझेटिअरमध्ये मागांची संख्या मिळते, पण माग थांबल्यावर घरात आलेली शांतता तेथे मिळत नाही. ती केवळ आठवणीतच मिळते. गिरणीत प्रत्यक्ष काम केलेली पिढी आता वयस्कर होत चालली आहे. तिच्या आठवणी टिपण्यासाठी आता फार काळ हाती नाही, ही बाब अध्यापकांनी गांभीर्याने घेतली पाहिजे.

पदवी स्तरावरील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांच्या प्रकल्पकार्यात मौखिक इतिहासाचा समावेश सहज करता येतो. विद्यार्थ्याने आपल्याच घरातील किंवा गल्लीतील एका ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्यावी. मुलाखत घेताना संमती घ्यावी, भाषा आणि बोली जशीच्या तशी टिपावी, तारखा व ठिकाणे अन्य साधनांशी पडताळून पाहावीत. मिळालेल्या आठवणीला पुढील चार प्रश्न विचारावेत :

१. ही आठवण सांगणाऱ्याचे त्या काळी घरातील आणि समाजातील स्थान काय होते ?

२. आठवणीतील सुखामागे कोणाचे श्रम होते, आणि ती व्यक्ती हीच आठवण कशी सांगेल ?

३. जे गेले म्हणून सांगितले जाते, ते खरोखर गेले आहे की सांगणाऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते बदलले आहे ?

४. ही आठवण आजच्या कोणत्या उणिवेकडे बोट दाखविते ?

यांपैकी दुसऱ्या प्रश्नासाठी एकाच घरातील दोन व्यक्तींच्या, उदाहरणार्थ आजोबा आणि आजी यांच्या, मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात. एकाच स्वयंपाकघराची दोन वर्णने समोर आली की, स्मृती ही समूहाच्या चौकटीत घडते हा हाल्बवाक्स यांचा सिद्धांत विद्यार्थ्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. चौथा प्रश्न डेव्हिस यांच्या तिसऱ्या पायरीकडे नेतो. भोंग्याची आठवण काढणारा माणूस कदाचित खात्रीच्या रोजगाराविषयी बोलत असतो. नळावरच्या गप्पांची आठवण काढणारी स्त्री कदाचित आजच्या बंद दारांविषयी बोलत असते. या उणिवा खऱ्या आहेत आणि त्यांचा विचार वर्तमानाच्या भाषेत झाला पाहिजे.

सोलापूरला २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांनी अशा मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर आपल्या ग्रंथालयांत पद्धतशीरपणे जतन केले, तर मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी अशा चारही भाषांतील एका औद्योगिक शहराचा दैनंदिन इतिहास उभा राहू शकेल. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी माग होता किंवा विड्या वळल्या जात होत्या, ते या कामात केवळ माहिती गोळा करणारे राहणार नाहीत. आपल्या घरातील ज्ञानाचे ते पहिले वाचक असतील. अनेकदा असे विद्यार्थी 'आमच्या घरात लिहिण्यासारखे काही नाही' असे म्हणतात. त्यांची ही समजूत दूर होणे हे या उपक्रमाचे सर्वांत मोठे फलित ठरेल.

समारोप :

स्मरणरंजन ही परदेशातून आलेली संज्ञा असली, तरी तिच्यातील भाव सार्वत्रिक आहे. आपल्या गावाच्या रोजच्या जगण्याविषयी वाटणारी ओढ वेगाने बदललेल्या काळात स्वाभाविक आहे, आणि ती एकटेपणावर उपयुक्तही ठरते. सोलापूरच्या उदाहरणावरून असे दिसते की, ही ओढ सामायिक लय, भाषिक सरमिसळ, शेजार यांसारख्या मूल्यवान गोष्टी जपते. त्याच वेळी ती श्रम, पाण्याची टंचाई, स्त्रियांवरील हिंसा आणि जातीय बंदिस्तपणा सहज गाळते. सामाजिक हानी आणि वैयक्तिक वयोमान यांची ती गल्लतही करते. म्हणून आठवणींना नाकारणे किंवा त्यांना प्रमाण मानणे या दोन्ही टोकांऐवजी, त्यांना प्रश्न विचारून त्यांची नोंद करणे हा मार्ग अभ्यासकाने स्वीकारावा. ज्यांच्या आठवणी आजवर कोणी विचारल्या नाहीत, त्यांच्यापासून या कामाचा आरंभ व्हावा, अशी अपेक्षा आहे.